ओलं लाकूड

या खोऱ्यात तिला चिमणी-माशी म्हणतात.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले होते.
मी समुद्रकाठची, कुमानोच्या डोंगरात नवी सून,
माशीची भीती ती काय?
मग एका दुपारी खिडकीच्या कागदावर ती आपटली,
कुणी खडा मारावा तशी.

करंगळीएवढी लांब.
डोकं पिकल्या पर्सिमनच्या रंगाचं,
जबडा काळा, सुताराच्या पकडीसारखा,
आणि कंबर इतकी बारीक
की घास म्हणून खाली उतरत नाही.
यासुकिची सांगायचा :
शिकार ती करते, चावून गोळा ती करते,
मांस मात्र घरातली धाकटी खातात.
ती धाकटी मग तिच्या तोंडात गोड थेंब सोडतात,
त्या थेंबावर ती कोसभर उडते.
"म्हणजे थोरलीला धाकटी भरवतात," मी म्हटलं.
आम्हाला मूल नव्हतं.
विषय तिथंच थांबला.

तो सीडरच्या लागवडीत गवत कापायचा.
पहिल्या डंखानंतर डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं,
इंजेक्शनचं पेन दिलं, म्हणाल्या,
"तुमचं शरीर आता हिला ओळखतं.
पुढच्या वेळी विसरायचं नाही ते."
मला वाटलं, लग्नाबद्दलच बोलतायत.

दुसऱ्या वेळी पेन गाडीत होतं.
गाडी खालच्या रस्त्यावर.
घरटं एका जुन्या मुळाच्या पोकळीत, जमिनीखाली,
वर नुसतं नेचं,
आणि त्याच्या यंत्राचा आवाज.

दिवस झाल्यावर पुतण्यानं नकाशा काढला.
हा पोरगा दुःखातसुद्धा नकाशे काढतो.
इथून कोरिया, तैवान, चीनचे डोंगर,
खाली नेपाळचे उतार,
वर रशियाचं पूर्वेकडचं टोक,
"सगळीकडे आहे ती, काकू."
मी बोट फिरवत राहिले.
एवढ्या डोंगरांत
एवढ्या विसरलेल्या वस्तू गाडीत पडून असतील.

ऑक्टोबरात आमच्या पोकळ ओंडक्यापाशी एकटीच आली.
टेहळणीला.
दारावर पोट घासून खूण केली
की मागून वीस येतात, तीस येतात,
आणि संध्याकाळी मधमाश्यांच्या मुंडक्यांचा ढीग झाडूनं लोटावा लागतो.
पण या वेळी मधमाश्यांनी तिला वाट दिली.
आत घेतलं, पाहुणीसारखं.
आणि मग शेकडो जणी एकदम अंगावर.
नांगीचं काम नव्हतं ते. नुसत्या थरथरल्या,
थरथरून तापल्या.
जे ऊन तिला सोसत नाही ते त्यांना सोसतं,
दोघींमध्ये अंतर दोन-तीन अंशांचं,
तेवढ्या फटीत अख्खं गाव जगतं.
मी ओंडक्यावर तळहात टेकला.
खरं तर बाहेरून काही कळत नाही.
तरी मला कळलं,
ताप चढलेल्या कपाळासारखं.
त्याचं कपाळ मला गारच मिळालं होतं.

पौषातल्या थंडीत लाकडं फोडत होते.
एक बुंधा आतून कुजका निघाला,
आणि त्या भुशाच्या खोलीत ती.
राणी. पंख पोटाशी घेतलेले,
पाय दुमडलेले, जबडा मिटलेला.
मुळाखालचं ते घरटं केव्हाच गेलं होतं,
कामकरणी गेल्या, नर गेले,
पहिल्या दहिवरानंच सगळ्यांना झाडून नेलं.
उरली ही एक,
पोटात पुढच्या वर्षीचं गाव घेऊन,
एकटीच वसंतापर्यंत उपाशी.
कुऱ्हाड माझ्या हातात होती.

मला दया आली असं कुणी म्हणू नये.
रागही शोधला, खिशात चावी शोधावी तसा.
दोन्ही हाताला लागले नाहीत.
नुसती थंडी वाजत होती, तिलाही, मलाही,
आणि तिला माझ्याहून जास्त दिवस काढायचे होते.

कुंपणापलीकडून हिसामित्सुनं हाक मारली,
"किनुए, तो बुंधा चांगला जाड आहे, दे की इकडे!"
मी दोन्ही फाळक्या पुन्हा जुळवल्या,
वर गवती दोर आवळला,
आणि गोठ्यामागे, उत्तरेकडच्या सावलीत ठेवताना ओरडले,
"ओलं आहे अजून.
जळायचं नाही."